गंज : दुकानातला न बोलावलेला भागीदार

दोन वर्षांपूर्वी घराच्या मागच्या पडवीवर टाकण्यासाठी मी जस्ती पत्र्याचा एक गठ्ठा घेतला. पत्रा नवा, वरून चकचकीत. मिस्त्री आठ दिवस उशिरा आला, तोवर गठ्ठा सोडला आणि पाहतो तो काय, आतल्या पत्र्यांवर पीठ शिंपडावे तसे पांढरे डाग! दुकानदार म्हणाला, "तुमच्या अंगणात भिजले असतील." मी म्हणालो, "तुमच्या गोदामातच भिजलेले असतील." वाद मिटला नाही, पैसेही परत मिळाले नाहीत. दुकानदाराचे नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी चौकशी केली तेव्हा समजले की चूक त्याची असेल तशी माझीही होती. आम्हा दोघांनाही धातू कसा खराब होतो याची साधी माहिती नव्हती. तो वीस वर्षे लोखंड विकत होता आणि मी चाळीस वर्षे वापरत होतो.

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत आपली कितीतरी माणसे लोखंड, पत्रा, वेल्डिंग, भांडी, सायकल, ट्रॅक्टरचे सुटे भाग आणि कृषी अवजारांच्या धंद्यात आहेत. यंदा माल किती विकला याचा हिशेब प्रत्येक जण ठेवतो. किती माल गंजून भंगारात गेला, कितीला सूट द्यावी लागली, याचा हिशेब फारच थोडे ठेवतात. गंजरोधक तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली जगभराचा अंदाज काढला होता. त्यात गंजामुळे होणारे नुकसान साऱ्या जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ३.४ टक्के निघाले. शंभर रुपयांत साडेतीन रुपये म्हणजे किराणा किंवा लोखंडाच्या घाऊक धंद्यात कित्येकदा सगळा नफाच तेवढा असतो.

आता गंज चढतो कसा ते पाहू. लोखंड खाणीतून निघते तेव्हा ते लोखंड नसतेच. ती तांबडी माती असते, म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग. भट्टीत प्रचंड उष्णता देऊन आपण तो प्राणवायू जबरदस्तीने काढून घेतो. संधी मिळाली की लोखंड पुन्हा प्राणवायू आणि पाणी घेऊन आपल्या जुन्या मातीच्या रूपात जाऊ पाहते. तोच गंज. आपल्याकडे त्याला तांबेराही म्हणतात, आणि शेतकऱ्याला हा शब्द गव्हाच्या रोगामुळेही ठाऊक आहे. नुसत्या कोरड्या हवेत गंज चढत नाही. प्राणवायू नसलेल्या पाण्यातही तो जवळजवळ चढत नाही. दोन्ही एकत्र आले की काम सुरू होते. पत्र्यावर पाण्याचा थेंब बसला की त्याखाली एक लहानशी बॅटरीच तयार होते. एका जागी लोखंड विरघळते, शेजारच्या जागी प्राणवायू ते घेतो. पाण्यात मीठ असले तर ही बॅटरी आणखी जोरात चालते. म्हणून कोकणातले लोखंड आपल्यापेक्षा कितीतरी लवकर जाते.

मालवणजवळ राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, हे सर्वांना आठवत असेल. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचे अनावरण झाले होते, म्हणजे पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. पडण्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या स्थानिक अभियंत्याने नट-बोल्ट गंजल्याचे पत्र लिहिले होते, ही गोष्ट तेव्हा वर्तमानपत्रांत आली. पुतळा पडण्याची सगळी कारणे काय होती तो वेगळा विषय आहे. पण केवढ्याही मोठ्या कामाचा भार शेवटी मूठभर बोल्टांवर असतो आणि बोल्ट खारी हवा ओळखत नाही, एवढे आपल्या फॅब्रिकेशनवाल्या तरुणांनी त्यातून जरूर घ्यावे.

आपल्या भागात समुद्र नाही, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण मीठ आपल्याकडे पोत्यांतून येते. कृषी केंद्रांत जाऊन पाहा. एका भिंतीला युरिया, डीएपी आणि पोटॅशच्या थप्प्या, दुसऱ्या भिंतीला फवारणी पंप, विळे, कुदळी आणि तारेची वेटोळी. पोटॅश म्हणजे बहुधा पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच सख्खा भाऊ. युरिया तर हवेतला ओलावा ओढून घेतो. फाटक्या गोणीतले चार दाणे तारेच्या वेटोळ्यावर पडले तर पावसाळ्यात त्या जागी लाल भोक पडलेच म्हणून समजा. खत आणि लोखंड एका खोलीत ठेवू नये. जागाच नसेल तर निदान मध्ये आडोसा करावा आणि लोखंड वाऱ्याच्या बाजूला ठेवावे.

हाच प्रकार शेतात पेरणी यंत्राचा. सोयाबीनची पेरणी आटोपली की यंत्र गोठ्याच्या कडेला उभे राहते ते थेट पुढच्या हंगामापर्यंत. खताच्या पेटीत उरलेले मूठभर खत पाऊसभर तिथेच विरघळत राहते. पुढच्या मृगात पेटीचा तळ हातात येतो आणि शेतकरी यंत्र बनवणाऱ्या कारागिराला बोल लावतो. ज्या दिवशी पेरणी संपली त्याच दिवशी पेटी रिकामी करून पाण्याने धुवावी, उन्हात कोरडी करावी आणि फण, चेन व दाते यांना ग्रीस किंवा जळके ऑइल लावावे. दहा मिनिटांचे काम आहे. यंत्र विकताना दुकानदाराने एवढे सांगितले तर गिऱ्हाईक पाच वर्षांनी परत त्याच दुकानात येते.

संत्र्याच्या बागवाल्यांना एक गोष्ट पूर्वीपासून माहीत आहे. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण तयार झाले की त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतात. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजतात. हा तांबूस थर गंज नव्हे, ते खरेच तांबे असते. मोरचुदातले तांबे बाहेर बसते आणि त्याच्या बदल्यात विळ्याचे लोखंड विरघळते. म्हणूनच हे मिश्रण लोखंडी बादलीत करू नये, प्लास्टिकच्या पिंपात करावे. नळाच्या फिटिंगमध्येही हेच लक्षात ठेवायचे. तांब्याला किंवा पितळेला लागून लोखंड जोडले आणि तिथे पाणी असले तर मार लोखंड खाते. दोन धातू शेजारी आले की दुबळ्याने सोसायचे, असा त्यांचा कायदा आहे.

पण याच कायद्याचा माणसाने फायदाही करून घेतला. लोखंडापेक्षा जस्त दुबळे, म्हणून लोखंडावर जस्त चढवले तर आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी आजूबाजूचे जस्त त्याची राखण करते. रंगाला हे जमत नाही. रंग निघाला की तिथून गंज रंगाच्या खाली घुसतो. फ्रान्समधील सोरेल नावाच्या अभियंत्याने १८३७ साली वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि सुमारे ४५० अंश तापमानाच्या जस्ताच्या हौदात लोखंड बुडवण्याची तीच रीत आजही चालू आहे. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा आणि मालेगाव तालुक्यांतून जातो, त्याच्या कडेचे राखाडी कठडे असेच जस्तात बुडवलेले असतात.

आता माझ्या पत्र्याकडे परत येतो. जस्ती पत्रा घेताना गिऱ्हाईक जाडी विचारते, फार तर कंपनी विचारते. जस्त किती आहे हे कोणी विचारत नाही. ते जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम, असे मोजतात. १२० जीएसएमचा पत्रा असेल तर एका बाजूला जस्ताचा थर फक्त आठ मायक्रॉनच्या आसपास असतो. डोक्याचा केससुद्धा त्याच्या सात-आठ पट जाड असतो. २७५ जीएसएमच्या पत्र्यावर हाच थर १९ मायक्रॉन भरतो. आपल्यासारख्या समुद्रापासून दूर, कारखान्यांचा धूर नसलेल्या भागात जस्त वर्षाला साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी झिजते. आता दोन्ही पत्र्यांचे आयुष्य किती ते वाचकांनीच काढावे. दुकानात दोन्ही पत्रे सारखेच चमकतात. दरात फरक असतो, आणि तो फरक कशाचा आहे हे दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगितले पाहिजे. भारतीय मानकाचा आय.एस. २७७ हा क्रमांक आणि जीएसएमचा आकडा गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर असतो, तो वाचून दाखवावा.

आणि तो पांढरा डाग? जस्ताला उघड्या हवेत स्वतःचा एक घट्ट करडा थर धरता येतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. पण एकावर एक दाबून ठेवलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरले तर तिथे हवा खेळत नाही, तो थर धरत नाही आणि जस्त नुसते विरघळून पांढरे पीठ होते. भर पावसात उघड्यावर राहिलेला पत्रा चांगला राहतो आणि गठ्ठ्यातला खराब होतो, तो यामुळे. पाऊसच पाहिजे असेही नाही. रात्री थंड पडलेले लोखंड आणि सकाळी शटर उघडल्यावर आत आलेली उबदार दमट हवा, यांतूनच पत्र्यावर दव धरते. म्हणून गठ्ठा जमिनीवर टेकवू नये. खाली लाकडी ठोकळे द्यावेत, एक टोक वितभर उंच ठेवून तिरपा लावावा. भिजून आला असेल तर त्याच दिवशी सोडून पत्रे वेगवेगळे उभे करून वाळवावेत. मी गठ्ठा आठ दिवस प्लास्टिकमध्ये गच्च बांधून ठेवला होता आणि आपण फार काळजी घेतली असे समजत होतो!

सळयांचे तसे नाही. बांधकामाच्या सळईवर हलका लालसर रंग आला म्हणून माल परत करणारी गिऱ्हाइके असतात. बोटाला लागणारा तेवढा रंग काँक्रीटला बाधत नाही. पापुद्रे सुटू लागले, सळई टोचली की खपल्या पडू लागल्या, तर मात्र ती घासून मगच वापरली पाहिजे. काँक्रीटच्या आत गेल्यावर लोखंड चुन्याच्या क्षारामुळे सुरक्षित राहते. पण स्लॅबला भेग गेली, पाणी मुरले तर आतली सळई गंजून फुगते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो, आणि तो जोर एवढा असतो की वरचे सिमेंट फुटून खाली पडते. जुन्या शाळांच्या छतांतून लाल सळया दिसतात त्या अशा.

वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्या पोरांसाठी दोन गोष्टी जरा सविस्तर सांगायच्या आहेत. पहिली म्हणजे गेटचे चौकोनी पाइप. बाहेरून तीन हात रंग देतात आणि पाइपची तोंडे उघडीच ठेवतात. आत पाणी जाते, बाहेर यायला वाट नसते, आणि गेट आतून कुजते. रंग शाबूत आणि पाइप पोकळ, अशी अवस्था होते. एकतर तोंडे पूर्ण बंद करावीत किंवा सर्वांत खाली पाणी निघायला भोक ठेवावे. गेटचा खांब जिथे जमिनीत शिरतो ती वितभर जागा सर्वांत आधी जाते. तिथे सिमेंटचा उतार काढून पाणी बाजूला जाईल असे करावे. वेल्डिंग झाल्यावर वरची कीट हातोडीने आणि तारेच्या ब्रशने पुरती काढल्याशिवाय रेड ऑक्साइड लावू नये. कीटवर लावलेला रंग कीटबरोबरच निघतो. घासलेले लोखंड त्याच दिवशी, शक्य तर तासा-दोन तासांत रंगवावे. सकाळच्या दवात किंवा पावसाच्या उघडिपीत ओलसर लोखंडावर ब्रश फिरवणे म्हणजे गंज आत कोंडून वर कुलूप लावणे होय. अनेक कारागीर हे जाणतात. पण गिऱ्हाईक दारात उभे असते आणि पैसे आजच पाहिजे असतात.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. जस्ती पत्रा किंवा जस्ती पाइप वेल्ड करताना पांढरा धूर निघतो, तो जस्ताचा धूर. दिवसभर तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते आणि दुसऱ्या दिवशी उतरते. पोरांना वाटते साधा ताप आहे. दूध प्यायल्याने हा धूर उतरतो ही समजूत निराधार आहे. जोडाची जागा आधी घासून जस्त काढावे, काम उघड्या हवेत करावे, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभे राहावे म्हणजे धूर तोंडावर येत नाही, आणि चांगला मास्क वापरावा. वेल्ड केलेल्या जागी जस्त जळून गेलेले असते, म्हणून तिथे जस्तयुक्त रंगाचा हात द्यावा. नाहीतर सगळे गेट चांगले आणि जोड तेवढे लाल, असे सहा महिन्यांत दिसते.

सुट्या भागांच्या दुकानदारांसाठी एवढेच की बेअरिंगवरचा तेलकट कागद गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी फाडू नये. तो कागद साधा नसतो, गंज रोखणारे द्रव्य त्यात मुरवलेले असते. घामाच्या हाताने उघड्या बेअरिंगला स्पर्श केला तर काही दिवसांत तिथे बोटांचे ठसे गंजाने उमटतात. घामात मीठ असते.

कारंज्याला जुन्या शकुंतला गाडीचे रूळ ज्यांनी पाहिले असतील त्यांना एक गंमत दिसली असेल. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी इंग्रज अमदानीत किलिक निक्सन कंपनीने काढली. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, पुढे डिझेल आले आणि अखेर गाडीच बंद पडली. गाडी धावत होती तोवर रुळाचा माथा आरशासारखा चमके आणि बाजू तांबडी असे. चाक रोज गंज पुसून टाकत होते. गाडी थांबल्यावर माथाही तांबडा झाला. वापरातल्या कुदळीचे पाते चकाकते आणि माळ्यावरची कुदळ सडते, त्याचे कारणही हेच.

लोखंडाचा गंज मऊ आणि सच्छिद्र असतो, पापुद्रा पडला की खालचे नवे लोखंड उघडे पडते. तांब्याचे तसे नाही. तांब्यावरचा तपकिरी थर त्याला धरून बसतो. वाशीम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, तेव्हाचे वत्सगुल्म. त्या घराण्यातील दुसरा विंध्यशक्ती या राजाचे चौथ्या शतकातील ताम्रपट वाशीमलाच मिळाले आणि सोळाशे वर्षांनंतरही विद्वानांना ते वाचता आले. तोच मजकूर लोखंडी पत्र्यावर कोरला असता तर आज आपल्या हाती मूठभर माती आली असती. त्याच सुमाराचा दिल्लीचा लोहस्तंभ मात्र अपवाद ठरला. कुतुबमिनारच्या आवारातील मशिदीच्या अंगणात सात मीटर उंचीचा, सहा टनांहून जड असा हा खांब उभा आहे. त्याच्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण आजच्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि त्यामुळे त्यावर एक पातळ घट्ट थर धरला गेला, असे कानपूरच्या आयआयटीतील प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला होती. लोक कवटाळून कवटाळून तो थर झिजवू लागले, म्हणून १९९७ साली त्याला कुंपण घालावे लागले.

तांबे टिकते खरे, पण पोटाला चालत नाही. आंबट पदार्थ लागला की त्यावर हिरवा कळंक धरतो. ताक पितळेच्या भांड्यात ठेवले की ते कळकते, हे आपल्या आजीला शाळेत न जाता माहीत होते. त्यावर उपाय कल्हई. हा शब्दच अरबी 'कलई'वरून आला, त्याचा अर्थ कथील. नवसागर हा शब्द फारसी नौशादरवरून आला. या धंद्याने शब्द आणले आणि माणसेही आणली. विदर्भात गावोगाव खांद्यावर भाता घेऊन फिरणारे कल्हईवाले बहुतांशी आपल्याच बिरादरीचे होते. जमिनीत खड्डा करून भट्टी पेटवायची, भांडे घासून तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर निघतो, म्हणजे नवसागर फुटून त्यातले आम्ल तांब्यावरचा मळ खाऊन टाकते. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवायचे. कथील २३२ अंशांवरच वितळते, म्हणून साध्या कोळशावर हे जमते. जरा उशीर झाला तर मळ परत धरतो, जरा जास्त तापले तर कथील जळते. एवढा हुनर त्या बोळ्यात होता.

स्टीलची भांडी आली आणि भाता घरात टांगला गेला. स्टील गंजत नाही, कारण त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि क्रोमियमचा न दिसणारा थर त्याला झाकून ठेवतो. पण बिर्याणीच्या तांब्याच्या डेगी अजून गेलेल्या नाहीत. लग्नाच्या हंगामात शंभर-दोनशे माणसांचा स्वयंपाक त्यांतच होतो, त्यात दही असते, टोमॅटो असतो, आणि आतली कल्हई उडालेली असली तर तांबे सरळ जेवणात उतरते. अलीकडे शहरांतून तांब्या-पितळेच्या भांड्यांची हौस परत आली आहे. भांडी विकणारे वाढले, कल्हई करणारे वाढले नाहीत. जिल्ह्यात आज हे काम नीट येणारे हात फार थोडे उरले आहेत. बहुतेक सगळे वयस्क आहेत आणि त्यांची मुले मोबाइलच्या दुकानात आहेत. भांडवल म्हणावे तर भाता किंवा ब्लोअर, कोळसा, नवसागर आणि कथील, याहून जास्त लागत नाही.

मात्र एक इशारा द्यावा लागतो. कथील तांब्याहूनही महाग आहे आणि शिसे त्या मानाने मातीमोल. म्हणून कथलात शिसे मिसळण्याचा मोह होतो. शिसे हे विष आहे, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला ते घातक ठरते, आणि चमक पाहून कोणालाही भेसळ ओळखता येत नाही. गिऱ्हाइकाने कांडी हातात घेऊन वाकवून पाहावी. शुद्ध कथील वाकताना करकर असा आवाज करते, शिसे मुकाट वाकते. पांढऱ्या कागदावर ओढून पाहावे, शिशाची पेन्सिलीसारखी रेघ उठते, कथलाची जवळजवळ उठत नाही. ज्या कल्हईवाल्याने गिऱ्हाइकाने मागण्याआधीच ही परीक्षा स्वतः करून दाखवली, त्याला पाटी लावावी लागणार नाही.

चांदीचे राहिलेच. चांदी प्राणवायूने नाही, हवेतल्या गंधकाने काळी पडते. अंडे, कांदा, रबर, लोकर या सर्वांतून तो येतो. काळ्या झालेल्या तोरड्या सराफाकडे उजळायला दिल्या की घासण्यात थोडी चांदी जाते. घरी ॲल्युमिनियमच्या, म्हणजे जर्मलच्या, नको असलेल्या भांड्यात कढत पाणी आणि खायचा सोडा घालून तोरड्या भांड्याच्या तळाला टेकतील अशा ठेवाव्यात. गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी होती तिथेच राहते. खडे जडवलेल्या किंवा मुद्दाम काळी नक्षी ठेवलेल्या दागिन्याला मात्र हे करू नये. उजळलेली चांदी हवाबंद पिशवीत ठेवावी, रबर लावून बांधू नये.

आणि बिदरच्या कारागिरांनी तर काळेपणालाच बाजार मिळवून दिला. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर चांदी जडवायची आणि मग नवसागर व बिदरच्या किल्ल्यातली माती यांच्या गरम पाण्यात ते बुडवायचे. जस्त कायमचे काळेभोर होते, चांदी पांढरीच राहते. जो नवसागर कल्हईवाला काळेपणा घालवायला वापरतो, तोच बिदरी कारागीर काळेपणा आणायला वापरतो.